मैत्रीचे कलम : चाकण, वडगाव आणि खडकी काय सांगतात?

१/
इतिहासाच्या चर्चेत एक प्रश्न हमखास येतो : अमक्या लढाईत मित्र कोण होता आणि गद्दार कोण? उत्तरे तत्काळ मिळतात, पुरावे मात्र मागाहूनही येत नाहीत. या धाग्याचे म्हणणे असे, की मुळात प्रश्नाची मांडणीच सदोष आहे. युद्धातील मित्र स्वभावावरून ओळखता येत नाही. तो ओळखावा लागतो करारातील कलमांवरून. आणि त्या कलमांतही एक असे असते, की मैत्री कोठे संपली व ताबेदारी कोठे सुरू झाली, हे तेवढ्यावरून सांगता येते.

२/
ते कलम समजण्यासाठी दूर जायला नको. पिंपरी-चिंचवडच्या उत्तरेस चाकण, वायव्येस वडगाव मावळ आणि दक्षिणेस, दापोडीचा पूल ओलांडला की खडकी. आज या त्रिकोणात मोटारी, दुचाकी आणि त्यांचे सुटे भाग तयार होतात. तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरच्या रांगा लागतात. याच टापूत १६६०, १७७९ आणि १८१७ या तीन साली ‘मित्र’ या शब्दाची परीक्षा झाली. तिन्ही वेळा उत्तर निराळे आले.

३/
आधी शब्दांकडे पाहू जाता मोठी मौज दिसते. ‘मित्र’ हा आज मनाच्या जवळचा शब्द आहे. ऋग्वेदातील मित्र ही देवता मात्र वचन आणि बंधन यांची रक्षणकर्ती आहे, आणि तिचा इराणी भाऊबंद म्हणजे अवेस्तातील ‘मिथ्र’ हा शब्द सामान्यनाम म्हणून चक्क ‘करार’ या अर्थी येतो. आंत्वान मेये या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९०७ साली ही व्युत्पत्ती मांडली आणि ती पुष्कळ अभ्यासकांना पटली. म्हणजे करार आधी आला, जिव्हाळा नंतर. राजकारणापुरता तरी हा क्रम विसरण्यासारखा नाही.

४/
‘युती’ त्याहून बोलका. ज्योतिषात दोन ग्रह आकाशात एकमेकांशेजारी दिसू लागले की त्यास युती म्हणतात. प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये कोट्यवधी किलोमीटरचे अंतर असते. पाहणारा पृथ्वीवर उभा आहे म्हणून ते जवळ दिसतात, आणि काही दिवसांनी आपापल्या कक्षेने पुढे जातात. ‘आघाडी’ म्हणजे सैन्याचे सर्वांत पुढचे अंग. तिला पिछाडीही असतेच. ‘सोयरीक’ घराण्यांना जोडते, ‘तह’ लढाई थांबवतो. यांतील एकाही शब्दाचा अर्थ ‘कायमचे प्रेम’ असा नाही. मराठी माणूस रोजच्या राजकीय बातम्यांत हे शब्द वाचतो आणि त्यांतील तात्पुरतेपण बरोबर ओळखतो. इतिहासाकडे वळला की मात्र त्याला जिवाभावाचे मित्र हवे असतात.

५/
कौटिल्याने ही भानगड फार पूर्वी सोडवून ठेवली आहे. त्याच्या मंडलसिद्धान्तात शेजारी तो शत्रू आणि शत्रूच्या पलीकडचा शेजारी तो मित्र, म्हणजे मैत्री बरीचशी भूगोलावर ठरते. परंतु त्याहून महत्त्वाचा भेद त्याने सहा उपायांच्या यादीत केला आहे. त्या यादीत ‘संधी’ आणि ‘संश्रय’ हे दोन वेगळे उपाय आहेत. संधी म्हणजे अटी घालून केलेला करार. संश्रय म्हणजे स्वतःला दुसऱ्याच्या स्वाधीन करणे. बाहेरून पाहिले तर दोन्हीकडे दोन पक्ष, एक कागद आणि त्यावर दोन शिक्के दिसतात. आतला फरक धनी आणि चाकर यांच्यातला असतो.

६/
आता चाकण. १६६० च्या मे महिन्यात शायिस्ताखान पुण्यात उतरला आणि २१ जूनला त्याने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. हा भुईकोट, डोंगराचा आधार नाही, भोवती खंदक आणि आत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा. मुघल फौजेच्या मानाने शिबंदी अगदीच तुटपुंजी. तरीही किल्ला सुमारे पंचावन्न दिवस लढला. १४ ऑगस्टला भुयारातील सुरुंगाने बुरूज उडाला आणि दुसऱ्या दिवशी, बुंदीच्या राव भावसिंह हाडा याच्या मध्यस्थीने, किल्ला मुघलांच्या हाती गेला.

७/
या पंचावन्न दिवसांत फिरंगोजीच्या मदतीला कोणी का आले नाही? कारण त्याच वेळी सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला होता. मार्चपासून खुद्द शिवाजीराजे त्यात अडकले होते, आणि १३ जुलै रोजी विशाळगडी पोहोचेपर्यंत त्यांना चाकणकडे पाहण्याची सवडच नव्हती. उत्तरेकडून मुघल, दक्षिणेकडून आदिलशाही. मग हे दोघे परस्परांचे मित्र होते काय?

८/
तीनच वर्षांपूर्वी, १६५७ साली, औरंगजेबाने आदिलशाहीकडून बीदर आणि कल्याणी हे किल्ले हिसकावले होते. आणि चाकण पडल्यानंतर, १६६० साल सरण्यापूर्वी, आदिलशाहीचा परांडा किल्लाही मुघलांनी तेथील किल्लेदाराला फितवून घेतला. म्हणजे एका हाताने एकाच शत्रूला दाबायचे आणि दुसऱ्या हाताने परस्परांचे खिसे कापायचे, हा व्यवहार एकाच वर्षात चालू होता. शत्रू एक असणे ही गोष्ट मैत्रीसारखी दिसते. ती असते फक्त युती, ज्योतिषातल्या अर्थाने.

९/
भावसिंह हाडा याचे उदाहरणही येथे उपयोगी पडते. तो मुघलांचा ‘मित्र’ नव्हता, मनसबदार होता. मनसबदाराला वेतन आणि जहागीर मिळते, हुकूम मिळतो. अटी घालण्याचा अधिकार मिळत नाही. त्यामुळे ‘राजपुतांनी मुघलांशी मैत्री केली’ या वाक्याचा अर्थ प्रत्येक राजाच्या बाबतीत वेगळा तपासावा लागतो. फिरंगोजीला खानाने आपल्या चाकरीत बोलावले आणि त्याने ते नाकारले, असे बखरी सांगतात. चाकरीला चाकरीच म्हणण्याचा स्वच्छपणा त्या काळच्या भाषेत होता.

१०/
पन्हाळ्याच्या वेढ्यात आणखी एक ‘मित्र’ होता. राजापूरच्या वखारीतील इंग्रज व्यापारी हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याचे सहकारी सिद्दी जौहरकडे तोफगोळे घेऊन गेले आणि इंग्रजी निशाण फडकावीत किल्ल्यावर मारा केला. कंपनीने शिवाजीराजांविरुद्ध युद्ध पुकारले नव्हते. कागदावर ती केवळ व्यापारी होती. १६६१ साली मराठ्यांनी राजापूर मारले, इंग्रजांना कैद केले, आणि त्यांतील उरलेल्यांची सुटका १६६३ साली झाली. सुरतेच्या वरिष्ठांनीही कैद्यांना कळवले, की ही आपत्ती कंपनीचा माल राखताना आलेली नसून निशाणासह पन्हाळ्यावर गोळे टाकल्यामुळे आली आहे. करार नसतानाही कृतीने मैत्री पत्करता येते, आणि तिची किंमतही मोजावी लागते.

११/
स्वतः शिवाजीराजांनी केलेले करार पाहिले तर ते या हिशेबात किती दक्ष होते ते दिसते. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले गेले, विजापूरच्या मोहिमेत मुघलांच्या बाजूने लढावे लागले. तरीही बारा किल्ले हाती राहिले. त्या बारा किल्ल्यांच्या बळावरच १६७० साली गेलेले किल्ले परत घेण्याची मोहीम उभी राहू शकली. दक्षिण दिग्विजयात कुतुबशाहाने पैसा आणि तोफखाना दिला. जिंजी जिंकल्यावर ती मात्र स्वराज्यातच राहिली. कुतुबशाहाच्या दृष्टीने हा मित्रधर्म नव्हता. अभ्यासकाने हेही तितक्याच मोकळेपणाने नोंदवायला हवे.

१२/
आता शतकभराने पुढे, वडगावकडे. रघुनाथराव तथा दादासाहेब यांना पेशवेपद हवे होते आणि पुण्याचे कारभारी ते देईनात. भाऊबंदकीत घरचे मित्र संपले की माणूस परका मित्र शोधतो. मार्च १७७५ मध्ये सुरत येथे दादांनी मुंबईकर इंग्रजांशी तह केला. कंपनीने सुमारे अडीच हजार फौज द्यावी. दादांनी फौजेच्या खर्चासाठी दरमहा दीड लाख रुपये द्यावेत, सहा लाखांचे जवाहीर तारण ठेवावे, आणि साष्टी व वसई तोडून द्यावी. फौज एकाची, खर्च दुसऱ्याचा; आणि खर्च करणाऱ्याच्या हाती फौजेचा लगाम नाही. नाव मात्र तहाचेच.

१३/
या तहाचे पुढे काय झाले? १७७६ साली कंपनीच्या कलकत्त्यातील वरिष्ठांनी कर्नल अप्टनला पाठवून पुण्याच्या कारभाऱ्यांशी पुरंदर येथे नवा तह केला. त्यात दादांचा पक्ष सोडण्याचे आणि त्यांना नेमणूक बांधून देण्याचे ठरले. ज्यांच्या नावाने युद्ध सुरू झाले होते, त्यांना या बोलण्यात जागाच नव्हती. मुंबईकरांनी दादांना तरीही आश्रय दिला आणि १७७८ च्या अखेरीस, त्यांना पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी म्हणून, सुमारे चार हजार सैनिक व हजारो बैलांचा तांडा बोरघाट चढून आला.

१४/
इंग्रजांचा अंदाज असा, की दादासाहेब दिसताच मोठमोठे सरदार येऊन मिळतील. पुण्यात दादांना अनुकूल असलेला मोरोबा फडणीसांचा गट तोवर नाना फडणीसांनी मोडून काढला होता. कोणीही मिळाले नाही. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. त्याच्या धाडसामुळे मराठ्यांनीच त्याला ‘इष्टुर फाकडा’ असे नाव दिले होते. ९ जानेवारीला फौज तळेगावी पोहोचली, तर गाव जाळून उजाड केलेले. दाणा नाही, वैरण नाही. प्रसंग पडला तर चिंचवड आणि पुणेही जाळण्याची मराठ्यांची तयारी होती, असे ग्रँट डफ लिहितो.

१५/
येथे क्षणभर थांबले पाहिजे. आज ज्या चिंचवडमध्ये लाखो लोक राहतात ते गाव, आणि खुद्द राजधानी, स्वतःच्या हाताने पेटवण्याची सिद्धता ठेवणारे महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके यांचे तरी परस्परांशी सख्य होते काय? फारसे नव्हते. होळकरांचा कल काही काळापूर्वी मोरोबांच्या गटाकडे होता. शिंदे-होळकर चुरस तर जगजाहीर होती. परंतु लढायचे कोणाशी, कशासाठी आणि कोठवर, याविषयी जानेवारी १७७९ मध्ये त्यांच्यात एकवाक्यता होती. आघाडीला तेवढे पुरते.

१६/
११ जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळ्यात टाकून माघार घेतली आणि वडगावी ते पुरते कोंडले गेले. जानेवारीच्या मध्यास तह झाला : १७७३ नंतर घेतलेला मुलूख परत करावा, आणि रघुनाथरावांना हवाली करावे. दादांनी आधीच महादजींशी बोलणे लावून स्वतःला त्यांच्या स्वाधीन केले. पुढे १७८२ च्या सालबाईच्या तहात दादांना दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक ठरली, आणि पुढच्याच वर्षी कोपरगावी त्यांचा अंत झाला. १७७५ च्या तहावर ज्यांनी स्वतः शिक्का केला, ते १७७६, १७७९ आणि १७८२ या तिन्ही तहांत केवळ एक कलम होऊन राहिले. संश्रयाला संधी समजण्याची ही किंमत.

१७/
वडगावनंतर वॉरन हेस्टिंग्जने तह नाकारला, आणि नानांनी चौघांचा संघ जुळवला : पुणे, हैदर अली, निजाम व नागपूरकर भोसले. चौघांनी चार बाजूंनी इंग्रजांवर उठायचे. हैदरने १७८० मध्ये कर्नाटकात जोराची चढाई केली. निजामाला इंग्रजांनी गुंटूर परत देऊन गप्प केले. भोसल्यांची फौज कटकपर्यंत जाऊन रेंगाळली आणि पैसा घेऊन थांबली. पुण्याकडूनही १७८२ मध्ये सालबाईचा तह ठरला. मात्र नानांनी त्यावर शिक्कामोर्तब करणे महिनोन्‌महिने लांबवले, आणि डिसेंबरात हैदर वारल्यानंतरच तो तह पुरा झाला. दिलेला शब्द आणि समोरचा लाभ यांत नाना किती ओढले गेले असतील, ते या विलंबातच दिसते.

१८/
यावर आक्षेप येणारच : असा ढिला संघ काय कामाचा? आक्षेप खरा आहे. चौघांतील दोघे पैशाने वा मुलखाने फुटले आणि हैदर जवळजवळ एकटा लढला. परंतु त्या संघातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची फौज त्याचीच राहिली, वकील त्याचेच राहिले. १७९० मध्ये पुणे दरबार कंपनी आणि निजाम यांच्यासह टिपूविरुद्ध गेला आणि १७९२ मध्ये मुलखाचा हिस्सा घेऊन परतला. १७९५ मध्ये त्याच निजामाशी खर्ड्याला लढला. तेव्हा कंपनी निजामाच्या मदतीला आली नाही. तसे तिने लिहूनच दिले नव्हते. या अनुभवानंतर निजामाने १७९८ मध्ये काय केले? मित्र वेळेला धावला नाही म्हणून त्याने धनीच घरात आणून बसवला.

१९/
तीच पाळी पुण्यावर आली. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरे बाजीराव पुण्यातून पळाले आणि ३१ डिसेंबरला वसईस इंग्रजांशी तह केला. हे बाजीराव म्हणजे रघुनाथरावांचेच चिरंजीव. तहाची भाषा अत्यंत गोड आहे : कायमची मैत्री, एकाचा शत्रू तो दोघांचा शत्रू. पुढे कलमे येतात. निदान सहा हजार पायदळ पेशव्यांच्या मुलखात कायम राहील, त्यासाठी वार्षिक सव्वीस लाखांचा मुलूख तोडून द्यावा. आणि कंपनीचा आधी सल्ला घेतल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी बोलणे सुरू करू नये.

२०/
हेच ते कलम. फौज, पैसा, मुलूख या गोष्टी गेल्या तरी परत मिळवता येतात; पुरंदरनंतर त्या मिळवल्याच होत्या. तिसऱ्याशी बोलण्याचा अधिकार गेला की परत मिळवण्याचा मार्गच बंद होतो, कारण प्रबळ मित्राचा जाच सुटायला दुसरा मित्रच लागतो. इंग्रजीत या व्यवस्थेच्या नावातही मैत्रीचा शब्द होता. मराठीने तो गाळला आणि ‘तैनाती फौज’ एवढेच म्हटले. तैनात म्हणजे कामावर नेमलेली, पहाऱ्याला ठेवलेली. कोण कोणाचा पहारेकरी, हे त्या शब्दात उघड आहे. शाळेत पाठ केलेला हा शब्द या सगळ्या व्यवहाराचे सर्वांत प्रामाणिक वर्णन आहे.

२१/
आणि म्हणून खडकी. वसईच्या तहाला पंधरा वर्षे होण्याआधीच, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, बापू गोखल्यांच्या नेतृत्वाखाली पेशव्यांची फौज ‘मित्रा’च्या फौजेवर चालून गेली. त्या ‘मित्रा’चा तळ राजधानीच्या वेशीवरच होता. बाजीरावांनी भोसले, शिंदे, होळकर यांच्याशी गुप्त संधाने बांधली होती. पण जो व्यवहार नानांच्या काळी उघड दरबारात चाले, तो आता चोरून करावा लागत होता. ३ जून १८१८ रोजी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले. वडगावच्या विजयापासून चाळीस वर्षेही झाली नव्हती.

२२/
हा केवळ अठराव्या-एकोणिसाव्या शतकाचा प्रश्न नाही. दुसऱ्या महायुद्धातील ‘दोस्त राष्ट्रे’ हा शब्द मराठी वृत्तपत्रांनी रुजवला. त्या दोस्तीचा अर्थ महाराष्ट्रात एका वसाहतीला फार जवळून कळला. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, मुख्यतः स्त्रिया आणि मुले, राहत होती. १९३९ मध्ये सोव्हिएत फौजांनी पोलंडचा पूर्वभाग घेतल्यावर सायबेरिया-कझाकस्तानात हद्दपार झालेली ही माणसे. १९४१ मध्ये सोव्हिएत संघ ‘दोस्त’ झाला म्हणून सुटली, आणि १९४५ मध्ये तो दोस्तच राहिला म्हणून अनेकांना परतायला आपला देश उरला नाही. पोलंडच्या भवितव्याची बोलणी मोठ्या दोस्तांनी आपसांत उरकली. रघुनाथरावांप्रमाणे येथे एक देशच कलम बनला.

२३/
आता पुन्हा याच पट्ट्यात, आजच्या काळात. आकुर्डीच्या बजाज ऑटोचा इटलीच्या पियाजिओशी असलेला परवाना-करार १९७१ मध्ये संपला. कंपनीने त्यानंतर चेतक स्वतःच्या नावाने बाजारात आणली. कावासाकीशी ऐंशीच्या दशकात सुरू झालेले साहचर्य २०१७ मध्ये थांबले. भोसरी-चाकणमधील सुटे भाग करणारे कारखाने परस्परांच्या प्रतिस्पर्धी असलेल्या मोठ्या कंपन्यांना एकाच छताखालून माल पुरवतात. येथे कोणी कोणाला गद्दार म्हणत नाही. मुदत किती, माल कोणता, गुपिते कोणाची आणि बाहेर पडताना काय द्यायचे, हे आधी ठरलेले असते.

२४/
ठरलेले नसले की काय होते, तेही दिसले आहे. चाकणला ज्या फोक्सवॅगनचा कारखाना आहे, तिने २००९ मध्ये जपानच्या सुझुकीचे १९.९ टक्के भाग घेऊन हातमिळवणी केली. सुझुकीच्या मते ही बरोबरीची भागीदारी होती. फोक्सवॅगनच्या वार्षिक अहवालात मात्र सुझुकीच्या धोरणांवर लक्षणीय प्रभाव टाकता येईल अशी ‘सहयोगी कंपनी’ असा उल्लेख आला आणि सुझुकी बिथरली. पुढे सुझुकीने फियाटकडून डिझेल इंजिने घेतली, तर फोक्सवॅगनने हा करारभंग आहे असे म्हटले. वाद लवादाकडे गेला. २०१५ मध्ये करार संपल्याचे मान्य होऊन भाग परत देण्याचा निर्णय झाला. भांडण पुन्हा तेच : तिसऱ्याशी व्यवहार करण्याची मोकळीक आहे की नाही? सुझुकीच्या नशिबाने लवाद तरी होता. बाजीरावांना तोही नव्हता.

२५/
मग ‘गद्दार’ या शब्दाचे काय करायचे? तो कोशातून काढून टाकण्याचे कारण नाही. शपथ घेऊन, मोबदला स्वीकारून, ऐन वेळी पाठीत वार करणारे इतिहासात होऊन गेले आहेत. परंतु १७६० मध्ये दिल्लीहून भाऊसाहेबांची साथ सोडून निघून गेलेला सूरजमल जाट याच शब्दाने संपवला, तर पानिपतानंतर पळून आलेल्या जखमी, उपाशी मराठ्यांना त्याच सूरजमलाने अन्नवस्त्र आणि आश्रय दिला, ही गोष्ट मांडायला जागाच उरत नाही. मोहिमेतून बाहेर पडणे आणि शत्रू होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो मोहिमेतून बाहेर पडला. शत्रू झाला नाही.

२६/
तेव्हा कोणताही तह, युती वा आघाडी समोर आली की चार प्रश्न विचारावेत. कोणाविरुद्ध वा कशासाठी, आणि कोठवर? फौज कोणाची, खर्च कोणाचा? बाहेर पडायची वाट आहे काय? आणि सर्वांत शेवटी, सर्वांत महत्त्वाचा : तिसऱ्याशी बोलण्याचा अधिकार कोणाकडे राहिला? १७८० च्या संघातील चौघेही कच्चे मित्र होते, पण चौघांकडे तो अधिकार होता. १८०२ ची मैत्री अत्यंत पक्की होती आणि तो अधिकार पेशव्यांकडे उरला नव्हता. कच्ची मैत्री तुटते, तेव्हा एखादी मोहीम फसते. दुसरा मित्र जोडू न देणारी पक्की मैत्री राज्यच घेऊन जाते.

२७/
वडगावला आज महादजी शिंद्यांचे स्मारक आहे. त्याच गावात इष्टुर फाकड्याचीही समाधी आहे. सुट्टीच्या दिवशी तेथे जाणाऱ्या प्रत्येकाने विजयाचा अभिमान जरूर बाळगावा. फक्त सोबत आलेल्या मित्रमंडळींना एवढे सांगावे, की त्या दिवशी तळावर एक तिसरा माणूसही होता, दादासाहेब. त्याला एका बाजूने मित्र म्हणून आणले आणि दुसऱ्या बाजूला कलम म्हणून सोपवले. त्याच्या चिरंजीवांनी ते पाहूनही वसईच्या कागदावर शिक्का उमटवला. इतिहास वाचायचा तो असा शिक्का आपल्या हातून उमटू नये म्हणून.

लेखनसीमा.